आई गेलेले कोकरू बाटलीवर वाढवताना

मेंढी विताना दगावली, पहिलारू मेंढीने पिलाला अंगाशी येऊ दिले नाही किंवा कासेला दगडी होऊन दूध आटले, की कोकरू पोरके होते. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते, त्यामुळे आपल्याकडे हा प्रसंग अधूनमधूनच येतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळ मेंढीचे जुळी देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. अशा मेंढ्या ज्या कळपात आहेत, तिथे जुळ्यांपैकी एकाला दूध कमी पडून तेही बाटलीवर येऊ शकते. मृगाच्या पावसानंतर फळलेल्या मेंढ्या साधारण पाच महिन्यांनी वितात. नेमका तेव्हाच कोल्हापूर जिल्ह्यात ऊसतोड सुरू होऊन मोकळ्या झालेल्या फडांत बकरी, म्हणजे मेंढ्यांचे कळप, बसू लागतात. तळ दोन-चार दिवसांनी हलणारा असल्यामुळे एका पिलासाठी दर चार तासांनी दूध तापवत बसणे मेंढपाळाला परवडत नाही, आणि मग ज्याच्या शेतात बकरी बसली आहेत त्या शेतकऱ्याच्या दारात ते कोकरू येते. गाई-म्हशींचा अनुभव असलेल्या, पण कोकरू कधी हातावर न वाढवलेल्या अशा घरासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

वासरे वाढवलेल्या माणसाला कोकरू सोपे वाटते. पण तीन किलोचे कोकरू आणि पंचवीस-तीस किलोचे वासरू यांत फरक एवढाच नाही की एकाला कमी दूध लागते. कोकराच्या अंगात साठा फार थोडा असतो. ते काही तासांत गारठते आणि एका चुकीच्या पाजण्याने त्याचे पोट बिघडते. माझ्या पाहण्यात पोरकी कोकरे दगावली ती बहुतेक कळवळ्यापोटी केलेल्या घाईने, म्हणजे गारठलेल्या पिलाच्या तोंडात दूध ओतल्याने किंवा ओरडते आहे म्हणून भरपूर पाजल्याने. ऊब, मग चीक, मग मापात दूध आणि सोबतीला दुसरे जनावर, हा क्रम पाळला तर यातली बरीचशी कोकरे वाचतात, असे मी खात्रीने सांगू शकतो.

आधी दुसरी आई शोधावी

बाटली घेण्याआधी एक चौकशी जरूर करावी: जवळच्या कळपात कोणाची मेंढी आज-उद्या व्याली आहे का, किंवा कोणाचे कोकरू मेले आहे का? मेंढी आपले पिलू वासावरून ओळखते आणि ही ओळख विण्यानंतरच्या पहिल्या काही तासांत पक्की होते. म्हणून नुकत्याच व्यालेल्या मेंढीच्या अंगावरचा चिकट ओलावा पोरक्या कोकराच्या डोक्याला, पाठीला आणि विशेषतः शेपटीच्या बुडाला चोळून ते तिच्यापुढे ठेवले, तर ती त्याला चाटू लागण्याची शक्यता असते. जिचे कोकरू मेले आहे, तिच्या बाबतीत मेलेल्या पिलाचे कातडे काढून ते पोरक्याच्या अंगावर झुलीसारखे दोन-तीन दिवस बांधण्याची जुनी रीत आहे. ती पाहायला बरी वाटत नाही, पण परिणामकारक आहे. मात्र ते पिलू एखाद्या रोगाने मेले असेल, तर हा उपाय करू नये. मेंढीला लहानशा जागेत आखडून, मान बांधून ठेवावी आणि दिवसातून पाच-सहा वेळा माणसाने उभे राहून कोकराला लुचू द्यावे. ती लाथ मारण्याचे आणि ढुशी देण्याचे थांबवून शांतपणे शेपटीचा वास घेऊ लागली, की काम झाले असे समजावे.

दुसरी सोय शेळीची. मेंढ्यांच्या कळपात मेंढपाळ दोन-चार शेरडे मुद्दाम बाळगतात, ती घरच्या दुधासाठी आणि अशा अडीनडीसाठीच. गरीब स्वभावाची दुभती शेळी घरी असेल, तर तिला खांबाला बांधून कोकरू थेट तिच्या सडाला लावता येते. शेळी पिलाला आपले मानत नाही, पण अंबोणाच्या घमेल्यात तोंड असेपर्यंत ती सहसा हरकतही घेत नाही. यांपैकी काहीच जमले नाही, तरच बाटली.

ऊब आधी, दूध नंतर

कोकरू घरी आले की पहिल्यांदा त्याच्या तोंडात स्वच्छ धुतलेले बोट घालावे. तोंड उबदार लागले आणि बोट जिभेवर दाबून कोकरू चोखू लागले, तर त्याला पाजता येईल. तोंड आतून गार लागले, जीभ बोटाभोवती वळली नाही, मान सावरत नसेल, तर दुधाचा एक थेंबही तोंडात घालू नये. अशा पिलाला गिळण्याचे भान नसते, दूध श्वासनळीतून फुप्फुसात जाते, आणि वाचण्यासारखे कोकरू दोन दिवसांत न्यूमोनियाने जाते.

ताप पाहण्याचा साधा डिजिटल थर्मामीटर घरी असतोच. त्याच्या टोकाला थोडे तेल लावून तो गुदद्वारात हलकेच धरावा (आणि त्यानंतर तो जनावरांसाठीच वेगळा ठेवावा). निरोगी कोकराचे तापमान १०२ ते १०४ अंश फॅरनहाइट असते. ९९ ते १०२ दिसले तर अंग कोरडे करून, उबेला ठेवून, चीक पाजावा; बहुतेक वेळा तेवढे पुरते. ९९ च्या खाली गेले असेल, तर मामला गंभीर आहे. त्यातही कोकरू जन्मून पाच-सहा तास उलटून गेले असतील आणि पोटात काही गेलेले नसेल, तर त्याच्या अंगातली जन्मजात चरबी जळून संपलेली असते. त्याला तसेच शेकत राहिले, तर अंग तापते पण रक्तात साखर उरलेली नसल्याने त्याला झटके येतात. म्हणून अशा वेळी शेकण्याच्या आधी ग्लुकोजचे इंजेक्शन लागते आणि ते पशुवैद्यकानेच द्यायचे असते. दवाखाना लांब असेल, तर पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करावा.

ऊब देण्यासाठी आधी अंग कोरडे करावे. कोरड्या बारदानाने किंवा जुन्या सुती लुगड्याने छातीकडून मागे, जरा जोर लावून चोळावे. या चोळण्याने अंग तर कोरडे होतेच, शिवाय आईच्या चाटण्याने सुटतो तसा श्वासही मोकळा होतो. नंतर बांबूच्या डालग्यात पाचटाचा जाड थर, त्यावर पोते आणि त्यावर घोंगडे, अशी जागा करून कोकराला त्यात ठेवावे. पट्टणकोडोलीच्या बाजूला अजून हातमागाची घोंगडी मिळतात. घोंगड्याची लोकर थोडी ओली झाली तरी ऊब धरून ठेवते, म्हणून चादरीपेक्षा घोंगडे बरे. गरम पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही कुशींना लावाव्यात आणि त्या निवल्या की लगेच बदलाव्यात, कारण गार झालेली बाटली उलट अंगातली ऊब ओढून घेते. बल्ब लावायचा असेल, तर कोकराच्या पाठीपासून दोन-अडीच फूट उंचीवर, साखळीने किंवा तारेने पक्का टांगावा. पाचटावर बल्ब पडून गोठा पेटायला क्षणभर पुरतो. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी अजिबात ठेवू नये. तिच्या विषारी वायूने माणूसही दगावतो. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी या पावसाच्या तालुक्यांत थंडीपेक्षा ओल घातक असते. तिथे जमिनीवर थेट अंथरूण न घालता फळ्यांचा किंवा बांबूच्या तट्ट्याचा पाट करून त्यावर ते घालावे.

याच वेळी नाळेकडे पाहावे. लहान वाटीत टिंक्चर आयोडीन घेऊन नाळेचे टोक त्यात पूर्ण बुडेल अशी वाटी पोटाला टेकवावी, आणि सहा-आठ तासांनी पुन्हा तसेच करावे. हळद, राख, शेण यांतले काहीही नाळेला लावू नये. नाळेतून शिरलेले जंतू पुढे सांध्यांत जातात आणि आठ-दहा दिवसांचे कोकरू गुडघे सुजून लंगडू लागते. तेव्हा ते बरे करणे फार कठीण होते.

चीक: पहिल्या दिवसाचे खरे औषध

कोकरू आईच्या पोटात असताना तिच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्ये त्याला मिळत नाहीत. ती सगळी चिकातून मिळतात. ही द्रव्ये आतड्यातून रक्तात शोषली जाण्याची क्षमता जन्मल्यानंतर तासागणिक घटत जाते आणि चोवीस तासांनी जवळजवळ संपते. म्हणून पहिला चीक दोन तासांच्या आत पोटात जावा. एका वेळी वजनाच्या किलोमागे ५० मिलीलिटर आणि पहिल्या चोवीस तासांत एकूण किलोमागे सुमारे २०० मिलीलिटर हे माप धरावे. तीन किलोच्या कोकराला एका वेळी १५० मिलीलिटर, असे चार वेळा. कोकरू अशक्त असेल, तर एका वेळचे माप कमी करून वेळा वाढवाव्यात.

हा चीक कोणाचा? मेलेल्या मेंढीच्या कासेत चीक असेल आणि ती एखाद्या संसर्गाने मेली नसेल, तर लगेच तोच पिळून घ्यावा. नाहीतर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या मेंढीचा, मग शेळीचा, आणि तोही न मिळाला तर गाईचा किंवा म्हशीचा. गाईचा चीक घ्यायचा झाल्यास शक्य असेल तिथे दोन-तीन गाईंचा एकत्र करून द्यावा. एखाद्या गाईच्या चिकाने कोकराच्या रक्तपेशी नष्ट होऊन पुढे पंडुरोग झाल्याची उदाहरणे आहेत, आणि मिसळून दिल्याने तो धोका कमी होतो. आपल्या गावांत म्हैस व्याली की खरवस घरोघर जातो. त्यातलाच पहिल्या धारेचा अर्धा लिटर चीक छोट्या पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवला, तर तो काही महिने टिकतो. ज्यांच्या दारात दर हंगामाला बकरी बसतात, त्यांनी ही सवय लावून घ्यावी असे मला मनापासून वाटते. गोठवलेला चीक कोमट पाण्यात पिशवी बुडवून हळूहळू विरघळवावा. चुलीवर किंवा गॅसवर तापवला, तर तो फाटतो आणि त्यातली प्रतिकारद्रव्ये वाया जातात.

दूध कोणते आणि किती

दुसऱ्या दिवसापासून दूध सुरू होते. मेंढीचे दूध गाईच्या दुधापेक्षा बरेच दाट असते. त्यात स्निग्धांश सुमारे ६ ते ७ टक्के आणि प्रथिने साडेपाच टक्क्यांच्या आसपास असतात. गाईच्या दुधात स्निग्धांश साडेतीन ते चार टक्के आणि प्रथिने सव्वातीन टक्क्यांच्या आसपास, तर म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण ७ टक्के आणि प्रथिने चार टक्क्यांहून थोडी अधिक असतात. म्हणजे कोल्हापूर शहरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर पिळून मिळणारे म्हशीचे दूध ताकदीने मेंढीच्या दुधाच्या सर्वांत जवळचे आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्यात ते गावोगावी मिळते. गाईचे किंवा शेळीचे दूधही चालते, वाढ थोडी संथ होते इतकेच. जे दूध रोज हमखास मिळेल तेच धरावे आणि शेवटपर्यंत ते बदलू नये. बदलावेच लागले, तर चार-पाच दिवसांत थोडे थोडे मिसळत बदलावे. पिशवीचे घ्यायचे असल्यास मलई काढलेले किंवा टोन्ड न घेता सकस, सहा टक्के स्निग्धांशाचे घ्यावे. दूध उकळून, मग निववून पाजावे.

दुधात पाणी घालू नये. म्हशीचे दूध पचणार नाही, या समजुतीने बरेच लोक ते निम्मे करतात आणि कोकरू पोट भरूनही वाळत जाते. दूध पचेल की नाही हे दाटपणापेक्षा एका वेळच्या मापावर अवलंबून असते. दुधात साखर किंवा गूळही घालू नये. हे आपल्या भागात मुद्दाम सांगावे लागते, कारण गुळाचे पाणी म्हणजे ताकद, हे इथल्या प्रत्येक घरात रुजलेले आहे. पण कोवळ्या कोकराच्या आतड्यात उसाची साखर फोडणारे पाचकद्रव्यच नसते. ती साखर न पचता पुढे सरकते, पाणी ओढते आणि हगवण लागते.

माप असे धरावे. पहिल्या आठवड्यात रोजचे दूध वजनाच्या १५ ते २० टक्के, म्हणजे तीन किलोच्या कोकराला ४५० ते ६०० मिलीलिटर. ते पाच-सहा वेळांत विभागून द्यावे. पहिल्या दोन-तीन रात्री एकदा उठून पाजावे लागते, त्यानंतर रात्री दहा-अकराला शेवटचे आणि पहाटे पाचला पहिले, असे चालते. दुसऱ्या आठवड्यात चार वेळा, प्रत्येक वेळी १५० ते २०० मिलीलिटर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तीन वेळा, २५० ते ३०० मिलीलिटर. त्यानंतर दिवसाला एक लिटरच्या वर जाण्याचे कारण नाही, कारण आता त्याने चाऱ्याकडे वळायला हवे. हे आकडे सर्वसाधारण आहेत; आपल्या कोकरासाठी खरे माप काटाच सांगतो. पिशवीत घालून तीन दिवसांनी एकदा वजन करावे आणि भिंतीवर लिहून ठेवावे. दख्खनी कोकरू रोज सरासरी १०० ग्रॅमच्या आसपास वाढत असेल, तर सगळे ठीक चालले आहे.

बाटली धरण्याची रीत

कोकरासाठी रबरी बोंडे मिळतात. ती साध्या पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर बसतात. ती मिळेपर्यंत लहान मुलांच्या दुधाच्या बाटलीचे निपल चालते. बाटली उलटी धरली की दूध थेंबाथेंबाने पडावे. धार लागत असेल तर भोक मोठे आहे, आणि दोन-तीन वेळा दाबल्याशिवाय काहीच येत नसेल तर लहान आहे. भोक मोठे असलेले निपल सरळ टाकून द्यावे. त्याने ठसका लागतो.

दुधाची ऊब मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहावी. तो गरम किंवा गार न जाणवता नुसता कोमट जाणवावा, म्हणजे ३८ ते ४० अंश सेल्सिअस. कोकरू चारही पायांवर उभे असावे. त्याला माणसाच्या तान्ह्या बाळासारखे मांडीवर उताणे घेऊन कधीही पाजू नये. आपण गुडघ्यावर बसून त्याचा मागचा भाग आपल्या मांड्यांमध्ये हलकेच अडवावा, डावा तळवा हनुवटीखाली धरावा आणि उजव्या हाताने बाटली त्याच्या डोक्याच्या किंचित वर, तिरपी धरावी. आईच्या कासेखाली त्याची मान जशी वर आणि पुढे ताणलेली असते, तशीच ती इथेही असली पाहिजे. मान अशी ताणून कोकरू चोखू लागले, की अन्ननलिकेच्या शेवटी एक खाच मिटून नळीसारखी होते आणि दूध पहिल्या मोठ्या पोटाला वळसा घालून थेट खऱ्या जठरात पडते. ताटलीतून घटाघटा प्यायलेले किंवा नळीने ओतलेले दूध पहिल्याच पोटात पडण्याची शक्यता असते. तिथे त्याला पचवणारे काही नसते, ते आंबते. म्हणून हाती बाटली असताना ताटली वापरू नये.

पहिल्या दोन-तीन वेळा कोकरू निपल तोंडातून ढकलून देते. ते रबर आहे, सड नाही, हे त्याला कळते. घाई करू नये. बोटाला दूध लावून ते चोखू द्यावे, चोखणे सुरू होताच बोटाशेजारून निपल आत सरकवावे आणि बोट काढून घ्यावे. दुसऱ्या हाताच्या बोटांनी शेपटीच्या बुडाला हलकेच खाजवावे; लुचताना मेंढी तिथेच हुंगत असते आणि त्या स्पर्शाने बहुतेक कोकरे लुचू लागतात. एकदा का जम बसला, की शेपटी भरभर हलू लागते, कोकरू पुढच्या गुडघ्यांवर टेकते आणि कासेला द्यावी तशी बाटलीला ढुशी देते. त्या वेळी बाटली घट्ट धरावी, मागे ओढू नये. नाकातून दूध आले, तर ताबडतोब थांबून डोके खाली करावे आणि श्वास शांत झाल्यावरच पुन्हा सुरू करावे.

किती झाले, हे ओरडण्यावरून ठरवू नये. पाठीमागून पाहावे: पिण्याआधी बरगड्यांमागे खळ्या दिसतात, प्याल्यानंतर दोन्ही कुशी सरळ, बरगड्यांच्या रेषेत आलेल्या असाव्यात. त्या बाहेर फुगल्या, तर जास्त झाले. बाटली संपल्यावरही कोकरू हाताला, कपड्यांना लुचत मागे लागते. ती लुचण्याची ओढ असते, भूक असेलच असे नाही. तिथे मन घट्ट करून निघून यावे. प्रत्येक पाजणीनंतर बाटली आणि निपल आधी गार पाण्याने विसळून, मग गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुऊन उलटे वाळत ठेवावे, आणि निपल दिवसातून एकदा उकळावे. निपलच्या कडेखाली साचलेला दुधाचा पिवळट थर नखाने काढावा. हगवणीचे मूळ बरेचदा तिथेच असते.

पोट, तोंड आणि इतर दुखणी

पहिल्या दिवशीचे शेण काळे, डांबरासारखे चिकट असते. त्यानंतर ते पिवळे आणि मऊ होते. शेपटीखाली ते वाळून चिकटले, तर वाट बंद होते. कोमट पाण्याने भिजवून पुसून काढावे, ओढू नये. पातळ, पाण्यासारखी किंवा रक्तमिश्रित हगवण लागली, तर एक-दोन वेळचे दूध थांबवून त्याऐवजी कोमट पाण्यात केलेले ओआरएस बाटलीने पाजावे. औषध दुकानातल्या ओआरएसमध्ये ग्लुकोज असते, म्हणून ते चालते. घरचे साखर-मिठाचे पाणी वर सांगितलेल्या कारणामुळे चालत नाही. त्यापेक्षा जास्त वेळ दूध बंद ठेवू नये. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर तशीच उभी राहिली किंवा डोळे खोल गेले, तर ओआरएसवर विसंबून न राहता पशुवैद्यकाला बोलवावे. पोटफुगी मात्र वेळ देत नाही: पाजल्यानंतर तासा-दोन तासांत पोट ढोलासारखे ताणलेले, कोकरू दात खात उभे, असे दिसले की लगेच दवाखाना गाठावा. ती टाळण्याचा मुख्य मार्ग म्हणजे कमी माप आणि ठरलेली वेळ. दुधात चमचाभर ताजे दही घालून पाजण्याचा उपयोग होतो, आणि तो उपाय घरात सहज होणारा आहे.

ओठांवर, नाकपुड्यांभोवती खपल्या धरल्या तर तो मावा हा विषाणूजन्य त्वचारोग असू शकतो. तो माणसाच्या हातालाही होतो, म्हणून हातमोजे घालून पाजावे. मेंढी गाभडून किंवा विताना मेली असेल, तर तिचे पाणी, वार आणि अंग न पुसलेले कोकरू यांपासून घरातल्या गरोदर स्त्रीने दूर राहावे. काही रोग त्या वाटेने माणसात येतात. जंतनाशक तसेच आंत्रविषार आणि पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या रोगांच्या लसी कधी द्यायच्या, हे पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. आईचा चीक न मिळालेल्या कोकराला काही लसी नेहमीच्या वयाआधी द्याव्या लागतात, म्हणून ते पोरके आहे हे त्यांना आवर्जून सांगावे.

रुळवणे

मेंढरू एकटे राहणारे जनावर नाही. पोट भरलेले कोकरू रात्रभर ओरडत असेल, तर त्याला बहुधा सोबत हवी असते. लोक त्याला स्वयंपाकघरात घेतात, मुले त्याच्याशी खेळतात, आणि पंधरा दिवसांत ते माणसाच्या मागे फिरू लागते. हे पाहताना जीव सुखावतो, मीही ते सुख नाकारणार नाही. पण त्या कोकराला उद्या कळपात जायचे आहे आणि मेंढी म्हणून जगायचे आहे. म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांची नाजूक अवस्था संपली, की त्याला दुसऱ्या कोकराच्या किंवा शेळीच्या करडाच्या सोबतीला ठेवावे. दोघे अंगाला अंग लावून झोपतात आणि ऊबही टिकते. तेही नसेल, तर निदान गोठ्यातल्या जनावरांचा आवाज आणि वास येईल अशा जागी जाळी लावून ठेवावे, पण म्हशीच्या पायाखाली येणार नाही याची काळजी घ्यावी. कुत्र्याची ओळख पहिल्या दिवसापासून साखळीत ठेवूनच करून द्यावी.

पाजणारे माणूस शक्यतो एकच असावे आणि पाजण्याआधी दर वेळी एकच हाक द्यावी. ही हाक पुढे फार उपयोगी पडते, कारण कळपात सोडलेले कोकरू त्याच हाकेने बाहेर काढता येते.

कळपात सोडण्याची उत्तम वेळ म्हणजे मेंढ्या चरायला गेलेल्या असताना. मेंढपाळ दिवसभर कोकरांना वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, तळावरच ठेवतात. त्या वेळी पोरके कोकरू त्यांच्यात सोडले, तर कोणी त्याला मारत नाही, आणि उड्या मारणे, एकमेकांना ढुसण्या देणे, पाला हुंगणे हे सगळे ते बरोबरीच्यांकडून शिकते. संध्याकाळी मेंढ्या परतल्या, की एकच कल्लोळ होतो. प्रत्येक आई आपले पिलू शोधते आणि परके पिलू जवळ आले की डोक्याने उडवते. पहिले आठ-दहा दिवस या वेळेआधी पोरक्याला उचलून घ्यावे. पुढे ते स्वतःच हुशार होते आणि एखादी मेंढी आपल्या पिलाला पाजत असताना मागच्या पायांमधून तोंड घालून चोरून दूध पिते. तसे करू द्यावे. मात्र त्या दिवशी बाटलीचे माप कुशी पाहून कमी करावे.

नर कोकराच्या कपाळाला हात लावून ढकलण्याचा खेळ मुलांना कधीही खेळू देऊ नये. बाटलीवर वाढलेल्या नराला माणसाची भीती नसते. वर्षभरात तो भक्कम एडका झाला, की तोच खेळ तो पाठीमागून धावत येऊन खेळतो, आणि त्याने माणसाचा गुडघा किंवा कंबर मोडू शकते.

चारा सुरू करणे आणि दूध तोडणे

आठव्या-दहाव्या दिवसापासून कोकरापुढे शेवरी, हादगा किंवा लसूणघास यांची छोटी जुडी त्याच्या तोंडाच्या उंचीवर टांगावी. खाली टाकलेला पाला ते तुडवते आणि घाण झालेला खात नाही. तिसऱ्या आठवड्यात भरडलेला मका आणि शेंगपेंड यांचे मूठभर मिश्रण उथळ पाटीत ठेवावे आणि उरलेले रोज बदलावे. स्वच्छ पाणी पहिल्या आठवड्यापासून समोर असू द्यावे. दूध पिते म्हणून पाणी नको, हा समज चुकीचा आहे, पाण्याशिवाय रवंथीचे पोट वाढत नाही. गाई-म्हशींसाठीचे खनिज मिश्रण कोकराला देऊ नये, कारण त्यातले तांबे मेंढीच्या यकृतात साठत जाते आणि विषासारखे काम करते. उसाचे वाढेही इतक्या लहान वयात नकोत. त्यांत ऑक्झॅलेट असते आणि चोथाही जास्त. शिळा भात, भाकरीचे तुकडे, जेवणावळीतले उरलेले अन्न यांनी पोटात आंब होऊन धडधाकट कोकरूही एका रात्रीत मरू शकते.

आठ ते दहा आठवडे झाले, वजन जन्माच्या वजनाच्या तिप्पट झाले आणि कोकरू रोज अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरडा खाऊन निवांत रवंथ करू लागले, की दूध तोडावे. यांतली एखादी गोष्ट अजून झाली नसेल, तर आठवडाभर थांबावे. आधी दुपारची बाटली बंद करावी, चार-पाच दिवसांनी सकाळची आणि त्यानंतर रात्रीची. रात्रीच्या बाटलीतले दूध कमी करत जावे, ते पाण्याने पातळ करू नये. शेवटची बाटली बंद झाल्यावरही दोन आठवडे तीन दिवसांनी एकदा वजन करणे चालू ठेवावे. वजन एकदा थांबले तर भरड्यात शेंगपेंडीचे प्रमाण थोडे वाढवून पाहावे. लागोपाठ दोन वेळा उतरले, तर शेण तपासून घ्यावे आणि तोपर्यंत रात्रीची एक बाटली पुन्हा सुरू करावी.